हलकी स्की थरथरते, भरकटते, रुतते: या चुका टाळा

गुलमर्गहून परतल्यावर ‘ही हलकी स्की कडक बर्फावर थरथरते, विकून टाकतो’ असं ठरवण्याआधी तिच्या धारेवर एकदा नख घासून बघा. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे. नख नुसतंच घसरलं तर दोष वजनाचा नाही, ठाण्यातल्या गेल्या पावसाळ्यात गंजलेल्या धारेचा आहे.

१७५ सेंमी लांबीची हलकी ऑल-माउंटन स्की साधारण १४०० ते १६०० ग्रॅमची असते. आत धातूचे पत्रे असलेली, तेवढ्याच रुंदीची स्की १९०० ते २२०० ग्रॅमपर्यंत जाते. हा फरक पावलोनियासारख्या हलक्या लाकडाचा गाभा आणि कार्बन फायबर यांमुळे पडतो. जड स्की ढेकळांवर आदळली तरी स्वतःच्या वजनावर पुढे जाते आणि धक्का गिळते. हलकी स्की तोच धक्का थेट पायाला देते. बोथट धार, मागे कललेलं शरीर, तळाला लावलेलं चुकीचं वॅक्स (मेण), असं जड स्कीवर खपून जाणारं बरंच काही इथे उघडं पडतं.

आधी, ही स्की तुमच्यासाठी आहे का?

कॅटलॉगमधलं वजन बहुधा एका स्कीचं, एकाच लांबीचं आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरणारी पकड) न धरता दिलेलं असतं. साधं अल्पाइन बाइंडिंग एका पायामागे किलोभर वाढवतं, बुटाला टोकाशी पिनांनी धरणारं पिन बाइंडिंग ३०० ते ६०० ग्रॅम. गुलमर्गची गोंडोला (केबल कार) पहिल्या टप्प्यात २६५० मीटरवरून कोंगदूरीला आणि दुसऱ्यात तिथून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे साधारण ३९५० मीटरपर्यंत नेते. चढण्याचं काम तीच करणार असेल तर पायाखालचे ३०० ग्रॅम वाचवून हाती काही लागत नाही. १८०० ग्रॅमची स्की जास्त सुख देईल. हलकी स्की घ्यावी ती तळाला स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढणाऱ्याने, किंवा ज्याचं स्वतःचं वजन कमी आहे त्याने.

सकाळच्या कडक उतारावर थरथर

पहिली तपासणी फुकटात होते. एकाच पायाची स्की घसरत असेल तर डावी-उजवी अदलाबदल करून तोच उतार पुन्हा उतरा. घसरण स्कीबरोबर दुसऱ्या पायाकडे गेली तर धार किंवा बेस (स्कीचा तळ) बिघडलेला आहे. त्याच पायाला राहिली तर बूट सैल आहे नाहीतर त्या पायावर भार येत नाही. ही अदलाबदल न करता थेट कानस चालवणारे चांगली धार खाऊन टाकतात.

दोष धारेतच निघाला तर बेसच्या बाजूने १ अंश आणि कडेने २ अंश हा कोन बहुतेकांना पुरतो. कडेचा कोन ३ अंश केला की पकड वाढते, पण धार लवकर बसते आणि पाऊल जरा चुकलं की स्की चावते. कानस कोनाच्या गाइडमध्ये बसवून टोकाकडून शेपटीकडे एकाच दिशेने ओढायची, मागेपुढे घासायची नाही. कानशीनंतर धारेवर लोखंडाची सूक्ष्म खरखर उरते. ती डायमंड स्टोनने काढली नाही तर वळण सोडताना शेपूट अडकते आणि लोक स्कीला ‘हट्टी’ म्हणतात. बेसवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला तर बेस खोल गेला आहे आणि धारा वर आल्या आहेत. हे घरी दुरुस्त होत नाही, मशीनवर घासून घ्यावं लागतं.

टोक आणि शेपूट बोथट करण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. वर वळलेल्या टोकाला, जिथे स्की बर्फाला टेकतच नाही, तिथे हलकं बोथट केलं तर बिघडत नाही. त्यापुढे कानस नेली की हलक्या स्कीची जी काय पकड होती तीही गेली.

दुपारचा तुडवलेला बर्फ

अकरानंतर उतारावर ढेकळं आणि खड्डे तयार होतात आणि स्कीचं टोक डावी-उजवीकडे उडायला लागतं. घाबरून पाय ताठ केले की ते अजून उडतं. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली ठेवा, गुडघे सैल ठेवा आणि वेग एक पायरी कमी करून वळणं गोल करा. सपाट केलेल्या उतारावर बराचसा भार बाहेरच्या पायावर असतो. इथे तो साधारण ६०-४० असा वाटून घ्या, म्हणजे आतली हलकी स्की एकटी भटकत नाही. हे सगळं मांड्यांच्या जोरावर चालतं. त्यासाठी तयारी करताना येऊर किंवा पारसिकचा चढ चढणाऱ्यांनी उतरण्याकडेही तेवढंच लक्ष द्यावं; स्नायू ताणत भार पेलण्याचा सराव उतरतानाच होतो.

अफरवटवरचं पावडर

कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, ८५-९० मिमी रुंद स्की खोल पावडरमध्ये (भुसभुशीत ताज्या बर्फात) रुतणारच. त्यावर उपाय म्हणून मागे झुकणं ही सर्वात जुनी चूक: मांड्या पेटतात, टोक सुटतं आणि दिशा हातात राहत नाही. भार पायाच्या मधोमध, दोन्ही स्की जवळ आणि थोडा जास्त वेग, हे बरोबर. पावडरसाठी बाइंडिंग १ सेंमी मागे घेता येतं, पण ते पुढे-मागे सरकवायची रेल असेल तरच. हलक्या गाभ्याच्या स्कीला पुन्हा छिद्रं पाडायला नाक्यावरच्या सुताराकडे नेऊ नका. धातूचा थर नसलेल्या गाभ्याला बहुधा ३.५ किंवा ३.६ मिमीचं, ९ मिमी खोलीचं छिद्र लागतं; जाड बिट फिरलं की स्क्रू धरत नाही, जास्त खोल गेलं की बेसला फुगवटा येतो.

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरचा बहुतेक भाग सपाट न केलेला आणि हिमस्खलनाचा आहे. ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं हे तिन्ही अंगावर नसेल आणि त्या दिवशीचा इशारा वाचला नसेल तर तिथे स्कीच्या वजनाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

बाइंडिंगचा आकडा मित्राकडून उसना घेणं

डीआयएनचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडायचा ते, वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि मिलिमीटरमध्ये मोजलेली बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरतो. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. बूट बदलला की आकडा आणि टाचेकडून बुटावर पुढे येणारा दाब दोन्ही पुन्हा तपासून घ्या. ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, वक्र) तळ जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये ‘बसतो’ म्हणून घालणं म्हणजे पडल्यावर बूट सुटेल की नाही हे नशिबावर सोडणं.

चुकीचं वॅक्स

जानेवारीतल्या वरच्या कोरड्या, थंड बर्फावर मऊ वॅक्स चिकटतं; मार्चच्या दुपारी ओल्या बर्फावर कडक वॅक्स ओढ खातं. सावलीतून उन्हात शिरताना स्की एकदम ब्रेक लागल्यासारखी थांबते आणि माणूस पुढे जातो. हलकी स्की हा झटका जास्त देते. डब्यावरचं तापमान बर्फाचं आहे की हवेचं, तेही वाचा.

जून ते सप्टेंबर: खरी नासाडी

धारा साध्या पोलादाच्या असतात. प्रवासातल्या ओल्या बॅगेतच स्की बॉक्सबेडमध्ये गेली की वाशी काय, घोडबंदर काय, खाडीकडच्या दमट हवेत जुलैपर्यंत धार तांबडी होते. मे महिन्यातच हे करून टाका: गोड्या पाण्याने पुसा, पंख्याखाली रात्रभर वाळवा, धारेवरचा गंज गमी स्टोनने (खरखरीत रबरी ठोकळ्याने) काढा. मग धाराही झाकल्या जातील इतका वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. साध्या वॅक्सला इस्त्री १२० ते १३० अंशांवर पुरते. धूर निघाला तर ती जास्त तापली आहे. इस्त्री एका जागी थांबवायची नाही. मागे तीन-चार बोटं लांब ओला पट्टा दिसावा आणि स्कीची वरची बाजू फक्त कोमट लागावी. हलक्या स्कीचं टोक पातळ असतं, तिथे उष्णता लवकर पोचते आणि आतला डिंक सुटतो. कपड्यांची इस्त्री वापरू नका: तिचं तापमान वरखाली होतं, वाफेची भोकं वॅक्सने बुजतात आणि पुढच्या वेळी शर्टावर डाग पडतो.

दोन्ही स्की मधोमध पट्ट्याने आवळून ठेवल्या तर कमान हळूहळू बसते. पट्टा सैल ठेवा. बॅगेची चेन उघडी ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. गॅलरी आणि पत्र्याखालचा माळा नको. बुटातलं लायनर बाहेर काढून पूर्ण वाळवा, परत घाला आणि बकल पहिल्या खाचेवर लावा, नाहीतर प्लास्टिकचा आकार फाकतो.

नोव्हेंबरमध्ये स्क्रेपरने थर काढून ब्रश मारताना बाइंडिंगचे स्क्रूही हाताने तपासा. त्यांना ३ नंबरचा पोझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर लागतो. घरातल्या साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने डोकी झिजतात. ड्रिल मशीनने आवळू नका, हलक्या गाभ्यातला आटा अर्ध्या फेऱ्यात जातो.