दिग्गज कोच निवृत्तीला आले की करायची तयारी

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी करारांचं काम बघते. आमच्या बास्केटबॉलच्या कोचनी इतक्या वर्षांनी निवृत्ती घेतली, तेव्हा वारस ठरलेला होता, पैशांची तरतूद होती, घोषणाही व्यवस्थित झाली. राहिली ती असिस्टंट कोचना द्यायची, नोकरी आणि पगाराची हमी देणारी पत्रं. ‘नवे कोच आल्यावर बघू’ म्हणून ते काम मागे पडलं आणि त्यापायी पुढचा अख्खा सीझन हातचा गेला. आता दुसऱ्या एका विद्यापीठाने विचारलंय, ‘आमचे कोच निवृत्तीला आलेत, तयारी काय करायची?’ म्हणून ही यादी. कंटाळून अर्ध्यात सोडलीत तरी एवढं लक्षात ठेवा: असिस्टंटना पत्रं, लेखी, सहीची, घोषणेच्या आधी.

सुरुवात कधी करायची? कोचचं वय मोजत बसू नका. शाळकरी खेळाडूचे आईवडील विद्यापीठ बघायला येतात आणि विचारतात, ‘आमचा मुलगा शिकून बाहेर पडेपर्यंत कोच असतील ना?’ हा प्रश्न कानावर आला की तयारीला लागा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कोचकडे बघूनच विद्यापीठ निवडतो, आणि प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे लोक त्याच्या घरी बसून ‘ते काही फार दिवस राहत नाहीत’ असं सांगत असतात. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांचंच खरं ठरतं.

संभाव्य नावांची यादी, बजेट, वकील हे सगळे करतातच, त्यावर वेळ घालवत नाही. एक मात्र बघून घ्या: सरकारी विद्यापीठ असेल तर जाहिरात न देता वारस नेमता येतो का, की त्यासाठी आधी सूट घ्यावी लागते. आणि अशा विद्यापीठातले ईमेल माहितीच्या कायद्याखाली पत्रकार मागवू शकतात. उद्याच्या पेपरात छापून आलं तरी चालेल, एवढंच लिहा.

आता तारीख. वारसाचं नाव जाहीर करून तारीख मोकळी सोडणं म्हणजे चांगल्या माणसाला दारात उभं करून ठेवणं. सिरॅक्यूज विद्यापीठात जिम बेहाइम यांच्यानंतर माइक हॉपकिन्स येणार हे २०१५ मध्येच ठरलं होतं, २०१८ हे सालही बोललं गेलं होतं. हॉपकिन्स तिथे दोन दशकं असिस्टंट होते. २०१७ च्या मार्चमध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाचं हेड कोचपद घेतलं. बेहाइम पदावर राहिले ते थेट २०२३ पर्यंत. गोंझागामध्ये मार्क फ्यू यांच्यानंतर त्यांचे असिस्टंट टॉमी लॉइड हेही ठरल्यातच जमा होतं. २०२१ मध्ये लॉइड ॲरिझोनाला हेड कोच म्हणून गेले, फ्यू अजून भर उमेदीत होते. दोन्ही ठिकाणी कोणी वाईट वागलं असं मी म्हणत नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, घरदार असलेल्या माणसाने किती वर्षं ‘पुढचे कोच’ म्हणवून घ्यायचं?

याउलट पर्ड्यू बघा. जीन कीडी यांच्या हाताखाली मॅट पेंटर २००४ मध्ये आले, एकच सीझन राहिले, २००५ मध्ये हेड कोच झाले. ड्यूकमध्ये माइक शशेफ्स्कींनी २ जून २०२१ ला सांगितलं की पुढचा सीझन शेवटचा, आणि त्याच घोषणेत वारस म्हणून असिस्टंट जॉन शायर यांचं नाव होतं. एक वर्ष, एक नाव, एक तारीख. तारीख नुसती घोषणेत नको, ज्येष्ठ कोचच्या करारात दुरुस्ती म्हणून हवी. ती पुढे गेली तर वारसाला किती रक्कम द्यायची, तेही तिथेच लिहा. विद्यापीठाच्या खिशाला चाट बसणार असेल तरच तारीख पाळली जाते.

ही तारीख ठरली, म्हणजे पत्रांचीही ठरली. आता पत्रांकडे येते आणि इथे मी घाई करणार नाही.

हेड कोच गेला की असिस्टंटचा करार ठरावीक दिवसांत संपतो, असं कलम बऱ्याच करारांत असतं. वरिष्ठांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब. पण खेळाडूंना रोज भेटतो तो असिस्टंट. मुलाच्या गावी जाऊन त्याच्या आजीच्या हातचं जेवून त्याला विद्यापीठात आणणारा तो. रात्री दहाला जिम उघडून देणारा, शॉट चुकत असतील तर शेजारी उभा राहून बॉल परत देणारा तो. व्हिडिओ कापणारा मुलगा, प्रवासाचं बघणाऱ्या बाई, अभ्यासाचं बघणारी सल्लागार, यांच्याकडे ज्या गोष्टी असतात त्या कुठल्याही फायलीत नसतात. कोणाच्या आईला रात्री फोन केलेला चालत नाही, कोणाचा गुडघा थंडीत दुखतो, कोणत्या शाळेच्या कोचशी आपलं जुनं वाकडं आहे. हेड कोच जाणार असं कळलं की दुसऱ्या विद्यापीठांचे फोन पहिल्यांदा यांनाच येतात. ‘थांबा, बघू’ म्हणणाऱ्या साहेबापेक्षा हातात पत्र देणारा परका जवळचा वाटतो, यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे तेच झालं. एक असिस्टंट गेले, त्यांच्यामागे त्यांनी आणलेले खेळाडू गेले, आणि नव्या कोचना जिममध्ये ओळखीचं कोणी राहिलं नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. डीन स्मिथ ८७९ विजयांनंतर १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये थांबले, सीझन तोंडावर असताना. तरी गाडं अडलं नाही, कारण तीस वर्षं सोबत असलेले बिल गथ्रिज हेड कोच झाले आणि बाकीची माणसं जागच्या जागी राहिली. पहिल्या सीझनला ३४ विजय, ४ पराभव, तीन वर्षांत दोन फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत. २००० मध्ये गथ्रिज निवृत्त झाले, कॅन्ससचे कोच रॉय विल्यम्स यांना बोलावलं, त्यांनी कॅन्सस सोडायला नकार दिला, आणि मॅट डोहर्टी आले. तेही घरचेच, स्मिथ यांच्या संघातले खेळाडू. पण त्यांनी नोत्र दामहून आपले असिस्टंट आणले आणि जुन्यांना जावं लागलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी ८ विजय, २० पराभव. २००३ मध्ये डोहर्टींना जावं लागलं. सगळं खापर असिस्टंट बदलण्यावर फोडता येणार नाही, आणि नव्या कोचला आपली माणसं आणायचा हक्कही आहे. पण सगळी जुनी माणसं एकदम जाऊ द्यायची नाहीत, एवढं विद्यापीठाच्या हातात असतं. ते पत्राने होतं.

पत्रात काय हवं, तेही सांगते. पद. पगार. नव्या कोचनी ठेवलं नाही तरी पुढच्या वर्षाच्या ३० जूनपर्यंत पगार आणि आरोग्य विमा चालू राहील, हे वाक्य. नोकरी न सोडता थांबल्याबद्दलची रक्कम आणि ती कोणत्या तारखेला मिळणार. सही क्रीडा संचालकांची, निवृत्त होणाऱ्या कोचची नव्हे. त्यांच्या शब्दाला कितीही मान असला तरी ते गेल्यावर तो शब्द खजिनदार मानत नाही. व्हिडिओवाल्याला आणि प्रवासाचं बघणाऱ्या बाईंनाही पत्र. ‘त्यांना कशाला?’ असं कोणीतरी विचारेलच. त्यांनाही द्या.

डोहर्टींच्या काळी खेळाडू दुसरीकडे गेला तर त्याला एक सीझन बाहेर बसावं लागायचं. आता ती अडचण उरलेली नाही. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, सीझनला तीन आठवडेही उरले नसताना निवृत्त झाले, तेव्हाच्या नियमाने खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव घालायला ३० दिवस मिळाले. हे दिवसांचे नियम सारखे बदलतात, चालू वर्षाचे बघून घ्या. शिवाय जून २०२५ मधल्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. म्हणजे खेळाडूंचेही करार आले. कोच बदलल्यावर ते तसेच राहतात का, हे प्रत्येक करार उघडून वाचा. नमुना वाचून चालत नाही.

तारीख ठरली तरी आयुष्य तारीख पाळेलच असं नाही. टेनेसीच्या महिला संघाच्या कोच पॅट समिट यांनी २०११ च्या ऑगस्टमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान स्वतः जगासमोर सांगितलं, तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेल्या बाई. तो सीझन त्यांच्या असिस्टंट हॉली वॉरलिक यांनी बराचसा सांभाळला आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये त्या हेड कोच झाल्या. मायामीचे जिम लारान्यागा २०२४ मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी, भर सीझनमध्ये थांबले. म्हणून एका कागदावर लिहून ठेवा: उद्या सकाळी कोच आले नाहीत तर सराव कोण घेणार, सही कोण करणार, खेळाडूंना कोण सांगणार. कोचसमोर हा विषय काढायला जीभ जड होते. तरी काढा, घरी जाऊन, एकट्याने, आदराने. आणि त्या कागदामागे पत्रं जोडलेली असू द्या; आणीबाणीत तर असिस्टंटच सगळं चालवतात.

वारस घरातला की बाहेरचा यावर सभा घेत बसतात. घेऊ नका. व्हिलानोव्हात जे राइट यांच्यानंतर काइल नेप्च्यून आले, घरचेच, मध्ये फक्त एक वर्ष फोर्डममध्ये हेड कोच होते. तीन सीझनमध्ये एकदाही एनसीएए ही राष्ट्रीय स्पर्धा गाठता आली नाही आणि २०२५ मध्ये त्यांना जावं लागलं. शायर घरचे, हेड कोचचा अनुभव शून्य, तरी २०२५ मध्ये फायनल फोरला पोहोचले. घरचा-बाहेरचा यावरून काही कळत नाही. माणूस बघा. कोचचा मुलगा असेल तर नातेवाइकांच्या नेमणुकीचे नियम आधी वाचा, आणि मुलाच्या कामाचं मूल्यमापन वडील करणार नाहीत हे पहिल्या दिवसापासून कागदावर असू द्या.

वारसाचा करार पुरेसा लांब हवा. कनेक्टिकटमध्ये जिम कॅल्हून २०१२ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाले आणि केविन ऑलींना सुरुवातीला सात महिन्यांचा करार मिळाला. सात महिने! खेळाडूच्या घरी जाऊन ते काय सांगणार होते? ऑली गुणी निघाले, २०१४ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांना ‘सकारण’ काढलं, म्हणजे चूक त्यांची, उरलेल्या कराराचे पैसे द्यायचे नाहीत. लवादाने २०२२ मध्ये १.१ कोटी डॉलरहून जास्त द्यायला लावले. ‘सकारण’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या करारात एकेक ओळ वाचून लिहा.

निवृत्त कोचचं पुढचं काम ठरवा. ऑफिस कुठे, देणगीदारांशी कोण बोलणार, सरावाला यायचं का. जॉन वुडन यांनी यूसीएलएला बारा वर्षांत दहा विजेतेपदं दिली आणि १९७५ मध्ये थांबले. त्यांच्यानंतर आलेल्या जीन बार्टो यांनी दोन वर्षांत ५२ सामने जिंकले, फक्त ९ हरले, पहिल्याच वर्षी फायनल फोर गाठली, आणि तरी तिथलं दडपण नको म्हणून निघून गेले. वुडन यांनी कधी ढवळाढवळ केली म्हणून हे झालं नाही. लोकांची तुलना थांबत नव्हती. ती कोणालाच थांबवता येत नाही, पण जुन्या कोचच्या तोंडून नव्याबद्दल काय बाहेर पडेल हे ठरवता येतं. दोघांना एका खोलीत बसवा आणि ते ठरवूनच उठू द्या.

घोषणेच्या दिवशीचा क्रम: आधी खेळाडू, समोरासमोर. मग असिस्टंट आणि ऑफिसातली माणसं, पण त्यांना पत्रं आदल्या दिवशीच मिळालेली हवीत, त्या दिवशी नव्हे. मग येऊ घातलेल्या खेळाडूंचे आईवडील, फोनवर. मग माजी खेळाडू, देणगीदार, शेवटी पत्रकार. सकाळी सुरू करून दुपारपर्यंत संपवा, बातमी त्याहून जास्त थांबत नाही.

निरोपाचे कार्यक्रम थोडेच ठेवा आणि खेळाडूंना त्यांपासून लांब ठेवा. ‘कोच के’ म्हणजे शशेफ्स्की यांच्या घरच्या शेवटच्या सामन्याला नव्वदहून जास्त माजी खेळाडू आले होते. ड्यूक तो सामना नॉर्थ कॅरोलायनाकडून ९४-८१ हरलं. पुतळा, नाव, जर्सी हे सगळं नंतर.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक फार अवघड करू नका. तिकिटांच्या नूतनीकरणाची पत्रं नव्या कोचच्या सहीने जाऊ द्या. नव्या कोचला कशावरून जोखणार, तेही आताच ठरवा आणि अध्यक्षांची त्यावर सही घ्या: खेळाडू टिकले का, पास झाले का, तिसऱ्या वर्षी संघ कुठे आहे. पेंटर यांच्या पहिल्या सीझनमध्ये पर्ड्यूने ९ सामने जिंकले आणि १९ हरले. त्यांना ठेवलं. २०२४ मध्ये ते राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळले.