परस्परविरोधी साक्षींवरून इतिहास लिहायला शिकवताना

इतिहासलेखनाची तासिका नव्याने घेऊ लागलेले तरुण प्राध्यापक भेटले की बहुधा एकच प्रश्न विचारतात : चार साक्षीदार चार तऱ्हांनी सांगत असतील, तर विद्यार्थ्याने लिहायचे काय? ठाण्यात हा विषय बरीच वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, सुरुवात पानिपतापासून करू नये. नाना फडणीस मराठ्यांच्या बाजूला आणि काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी, असे दोन्हीकडचे प्रत्यक्षदर्शी तेथे सापडतात हे खरे. पण विद्यार्थी निकाल मनाशी ठरवूनच वर्गात येतात, आणि काशीराजाने आपला वृत्तान्त लढाईनंतर सुमारे दोन दशकांनी लिहिला याकडे त्यांचे लक्षही जात नाही. त्याऐवजी २६ जुलै २००५ चा पाऊस द्यावा. त्याचे साक्षीदार घरोघरी आहेत.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टातल्या कचेरीत बसलेले काका ‘एवढे काही नव्हते’ म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, आणि कुर्ल्याला छातीभर पाण्यातून वाट काढलेली मावशीही तिखटमीठ लावत नसते. हे दोन आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले की, साक्षीदार कोठे होता हे आधी विचारायचे असते, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वेळेचा घोळ मात्र अधिक चिवट असतो. एका विद्यार्थिनीच्या खर्ड्यात ‘साडेतीनच्या सुमारास चाळीत पाणी शिरले’ असे वाक्य होते. टिपणे पाहिली तर आजी दोन वाजल्याचे सांगत होत्या आणि शेजारचे गृहस्थ पाच. तिने मध्य काढला होता, त्यामुळे एकाही साक्षीदाराने न सांगितलेली वेळ इतिहासात घुसली होती. वेळ कशावरून लक्षात राहिली, एवढेच विचारायला तिला परत पाठवले. आजींची खोली नाल्याकडेला होती आणि नातू शाळेतून येण्याआधी त्या उंबऱ्यावर गोणपाटे लावत होत्या. गृहस्थ कामावरून परतले तेव्हा जिन्याची खालची पायरी बुडालेली होती. दोन्ही वेळा बरोबर होत्या, फक्त त्या एकाच पाण्याच्या दोन अवस्थांच्या होत्या. आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवावी : दर पावसाळ्यात एकत्र बसून पाच जणांनी उगाळलेली हकिकत म्हणजे पाच साक्षी नव्हेत.

खरी कसोटी लागते ती जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनाला. नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. वर्गात कोणाचे आजोबा त्या गर्दीत होते, तर कोणाचे वडील पोलीस खात्यात असतात, आणि मग निःपक्षपाती दिसण्याच्या धडपडीत ‘गोळीबार होऊन काही जीव गेले’ अशी वाक्ये येतात. मी ती खोडतो. गोळ्या कोणी चालवल्या याविषयी वाद नाही, तेव्हा ते सरळ लिहावे. आधी दगड आले की लाठी, इशारा ऐकू आला की नाही, यांविषयी निवेदने जुळत नसतील, तर प्रत्येक विधान ज्याचे त्याच्या नावावर, तो कोठे उभा होता आणि हे त्याने स्वतः पाहिले की नंतर ऐकले, यांसह मांडावे. जे एका बाजूने सिद्धच झाले आहे, त्याला दुसरी बाजू जोडून तोल साधण्याची मुळीच गरज नाही.

खर्डा पूर्ण झाला की तो निवेदकाला वाचून दाखवण्याची अट घालावी. पुष्कळदा ‘मी असे म्हटलेच नाही’ म्हणून वृद्ध मंडळी रागावतात. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, ते खर्ड्याशी जुळत असेल तर मजकूर तसाच ठेवावा, आणि हरकत तारखेसह तळटीपेत नोंदवावी. या तळटिपांना मी मूळ मजकुराइतकेच गुण देतो. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांशी त्यावरून माझे अजूनही जमत नाही.