घरच्या स्टुडिओसाठी माईक जमवताना या चुका टाळा

पहिला माईक कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा प्रकार. दुसरा त्याहून महागडा कंडेन्सर. तिसराही कंडेन्सरच, कारण दिवाळीच्या ऑफरमध्ये मिळाला. कपाट असं भरायला वेळ लागत नाही. मग एखाद्या दिवशी संबळ आणि तुणतुणं घेऊन गोंधळी रेकॉर्डिंगला येतात आणि कपाटातला एकही माईक त्या वाजवण्याला पुरा पडत नाही. माईक पुष्कळ झाले म्हणजे संग्रह झाला असं नाही. पुढचा माईक घेण्याआधी एका कागदावर लिहा : आत्ताच्या माईकने कोणतं काम अडलं? उत्तर एका ओळीत लिहिता आलं नाही, तर खरेदी थांबवा.

एकाच स्वभावाचे तीन माईक

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक मोठ्या डायफ्रॅमच्या (आवाजाने कंप पावणाऱ्या पडद्याच्या) कंडेन्सरांची कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, न्यूमन कंपनीच्या के ६७ कॅप्सूलच्या धर्तीवर बनवलेली असते. ही कॅप्सूल १९६० च्या यू ६७ माईकमध्ये आली. तिचा वरच्या पट्टीतला उठाव त्या माईकचं सर्किट खाली आणत असे. स्वस्त माईकांत बऱ्याचदा कॅप्सूल तशीच असते, पण उठाव खाली आणणारं सर्किट नसतं. एकट्या आवाजावर हा चकचकीतपणा कानाला गोड लागतो. मात्र गायक, पेटी, टाळ आणि कोरस हे सगळं त्याच माईकवर घेतलं की प्रत्येक ट्रॅकचा उठाव एकावर एक चढतो आणि मिक्स कानाला टोचायला लागतो. मग तुम्ही तासन्‌तास इक्वलायझर फिरवत बसता, दोष मात्र खरेदीत असतो.

आमच्या मते क्रम असा ठेवावा. आधी एक डायनॅमिक, म्हणजे विजेशिवाय चालणारा, कमी नाजूक माईक. शूअर एसएम ५७ हा १९६५ पासून बाजारात आहे आणि डग्गा, ढोलकी, संबळ, गिटारचा अँप या सगळ्यांना चालतो. मग गायकासाठी मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर. तिसऱ्या खेपेला छोट्या डायफ्रॅमच्या कंडेन्सरांची जोडी, आणि ती जोडीनेच घ्या. तबला, संतूर, सतार, भजनी मंडळ यांना ती लागते. एक आज आणि एक पुढच्या वर्षी घेतला तर दोन्हींचा आवाज जुळेलच असं नाही. रिबन, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा माईक, शेवटी. पेटीच्या स्वरपट्ट्यांचा कर्कशपणा तो फार छान मऊ करतो, पण तोवर बाकीच्या गरजा भागलेल्या असाव्यात.

माईकच्या पैशांतच स्टँड, केबल आणि पॉप फिल्टर धरा. डुगडुगणाऱ्या स्टँडवरचा जड माईक आज ना उद्या फरशीवर आपटतोच.

खोली न ऐकता घेतलेला माईक

संवेदनशील कंडेन्सर खोलीतला सगळा आवाज उचलतो. नाशिकमध्ये त्याचे नमुने हवे तितके आहेत : कॉलेज रोडची वाहतूक, पंचवटीतल्या घंटा, अंबड-सातपूरच्या वसाहतींची मशीनं, देवळाली कॅम्पाकडे तोफखान्याच्या सरावाचे हादरे. शिवाय घरातला पंखा आणि गुळगुळीत फरशी. अशा खोलीत महागडा माईक घेतला तर खोलीचे दोष जास्त बारकाईने रेकॉर्ड होतात, एवढंच.

आधी खोलीची परीक्षा घ्या. पंखा, एसी, फ्रिज बंद करा, गायकाच्या आवाजाला लागतो तेवढाच गेन (माईकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा आणि दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा. मग ती हेडफोनवर ऐका. घरघर स्पष्ट ऐकू आली तर त्या खोलीत गायकासाठीसुद्धा डायनॅमिक बरा. टाळी वाजवून मागे झणझणीत प्रतिध्वनी येतो का, तेही पाहा.

इथे एक चूक हमखास होते. लोक माईकच्या मागे फोम लावतात आणि गायकाच्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माईक, मागून सर्वांत कमी ऐकतो. तो पाहत असतो गायकाकडे, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडेही. जाड गोधडी तिथे टांगा, भिंतीपासून १० सेंटीमीटर सोडून. पातळ चादरीने फक्त वरच्या पट्टीतला आवाज कमी होतो, मधला घुमारा तसाच राहतो.

आवाज टाळायचा तर माईकची ‘बहिरी’ बाजू कुठे आहे ते माहीत हवं. कार्डिऑइडची बरोबर मागे, १८० अंशांवर असते. सुपरकार्डिऑइडची, म्हणजे त्याहून अरुंद कोनात ऐकणाऱ्याची, तिरकी, साधारण १२६ अंशांवर. आठच्या आकाराच्या पॅटर्नची, म्हणजे पुढून आणि मागून सारखंच ऐकणाऱ्याची, दोन्ही बाजूंना, ९० अंशांवर. त्यामुळे सुपरकार्डिऑइड असेल तर पंख्याला किंवा खिडकीला सरळ पाठ दाखवून पुरेसा फायदा होत नाही, माईक थोडा वळवावा लागतो.

आकडे चुकीच्या कामासाठी वाचणे

माईकच्या खोक्यावरच्या छापील तक्त्यात लोक फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स पाहतात. घरच्या स्टुडिओत खरं अडतं ते इतर तीन आकड्यांवर.

पहिला आकडा माईकच्या स्वतःच्या खरखरीचा, म्हणजे सेल्फ नॉइज. ऑडिओ-टेक्निका एटी २०२० ची ती २० डेसिबल आहे, एटी २०३५ ची १२, रोड एनटी १ च्या पाचव्या आवृत्तीची ४. ढोलकीवर या फरकाने काहीच बिघडत नाही. तानपुरा किंवा दबक्या आवाजातली ओवी रेकॉर्ड करताना २० आणि ४ मधली दरी लगेच कळते.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठराविक आवाजाला माईक किती जोराचा सिग्नल देतो त्याचा. शूअर एसएम ७ बी चा आवाज जाड, जवळचा येतो म्हणून तो अनेकांना हवा असतो. पण त्याला किमान ६० डेसिबल स्वच्छ गेन लागतो. स्कार्लेट २ आय २ या इंटरफेसच्या (माईक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या) तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल मिळतो, चौथ्या पिढीत ६९. जुन्या इंटरफेसवर गेन शेवटपर्यंत फिरवूनही आवाज बारीक आणि खरखर जास्त, ही तक्रार इथूनच येते. माईकमध्ये दोष नसतो. क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर मध्ये घातला की साधारण २५ डेसिबल वाढतात. हा बूस्टर फँटम पॉवरवर (इंटरफेस केबलमधून देतो त्या विजेवर) चालतो पण ती पुढे माईकला देत नाही, म्हणून कंडेन्सर त्याच्यातून जोडू नका, तो चालणारच नाही.

तिसरा, माईक सहन करू शकणारा कमाल आवाज. नाशिक ढोलाची काठी पडते तेव्हा माईकने आवाज सहन केला तरी इंटरफेसच्या इनपुटवर आवाज फाटू शकतो. गेन शून्यावर असूनही लाल दिवा लागत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी करून उपयोग नाही, कारण लाट आधीच कापली गेलेली असते. माईकवरचं १० डेसिबलचं पॅड दाबा, ते नसेल तर डायनॅमिक लावा आणि दीड-दोन मीटर मागे जा. रेकॉर्डिंगची सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटवर याहून वर ढकलण्याची गरज नाही.

दोन यूएसबी माईक म्हणजे संग्रह नव्हे

एकट्याने पॉडकास्ट करायला यूएसबी माईक ठीक. पण प्रत्येक यूएसबी माईकचं घड्याळ वेगळं चालतं. दोघांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला, तर ५ मिनिटांच्या गाण्यात ते एकमेकांपासून १५ मिलिसेकंद सरकतात. सुरुवातीला जुळलेला तबला शेवटी मागे पडलेला वाटतो, आणि दोष वादकावर येतो. एकाहून जास्त माईक लागणार असतील तर सुरुवातीपासून एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचे) माईक आणि एकच इंटरफेस.

‘भ’, ‘फ’ आणि ‘स’

मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर. ‘भल्या पहाटे फुलांची परडी भरली’ असं वाक्य माईकसमोर म्हणून पाहा. धप्‌धप्‌ आवाज आला तर तोंड माईकपासून १५ ते २० सेंटीमीटर दूर हवं, आणि पॉप फिल्टर माईकपासून ८ ते १० सेंटीमीटरवर. तरीही येत असेल तर माईक नाकाच्या उंचीवर न्या आणि खाली ओठांकडे झुकवा, म्हणजे वाऱ्याचा झोत त्याच्या खालून निघून जाईल. शिट्टीसाठी ‘सासूच्या साडीची सळसळ’ म्हणा. ‘स’ आणि दंत्य ‘च’ टोचत असतील तर माईक १५ ते २० अंश बाजूला वळवा. एवढ्यानेही न जाणारी टोच म्हणजे त्या गायकाला तो माईक मानवत नाही. लग्नसमारंभाला साउंड लावणाऱ्यांकडे शूअरचा एसएम ५८ हा गाण्याचा डायनॅमिक माईक बहुधा असतोच, एक दिवस मागून आणा आणि तुलना करा.

आवाज पातळ, लांबून आल्यासारखा वाटतोय? माईक उलटा लावलेला असू शकतो. मोठ्या डायफ्रॅमचे बहुतेक माईक बाजूने ऐकतात, टोकाने नाही. कंपनीचं चिन्ह किंवा हृदयाच्या आकाराची खूण असलेली बाजू गायकाकडे हवी.

ढोलकीचा दम गेला

दोन्ही पुड्यांवर एकेक माईक लावला आणि एकत्र ऐकल्यावर आवाज पोकळ झाला, हा दोष फार दिसतो. एका पुडीवर थाप पडली की ती आत जाते, दुसरी बाहेर येते. दोन माईकांकडे उलट्या लाटा पोचतात आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवा आणि ज्या स्थितीत खर्ज भरीव वाटेल ती ठेवा. पखवाजालाही हेच लागू.

तबला-डग्ग्याला छोटे कंडेन्सर २५ ते ३० सेंटीमीटर वरून लावा. एका माईकपासून वाद्य जितकं लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेवायचं असा नियम आहे. तबल्याला ते जमत नाही, म्हणून तिथे कानाने पोलॅरिटी तपासणं आलंच. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, एवढं डोक्यात असलं की माईक किती सरकवायचा याचा अंदाज येतो. गायकावर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) जरूर लावा, देवळालीचे हादरे बरेचसे त्यातच जातात. डग्गा आणि पखवाजावर तो बंद ठेवा, नाहीतर घुमाराच कापला जाईल.

वीज, गुणगुण आणि फँटम

फँटम म्हणजे ४८ व्होल्ट. जोडणी आणि सोडणी नेहमी ती बंद करून, अर्धा मिनिट थांबून, हेडफोनचा आवाज खाली घेऊन करा. साध्या डायनॅमिकला चांगल्या केबलवर फँटमने काही होत नाही. पॅसिव्ह रिबनचं मात्र तसं नाही. केबलचा एखादा टाका तुटलेला असेल तर ते व्होल्टेज पातळ पट्टीतून वाहतं आणि ती ताणली किंवा फाटली जाऊ शकते. रिबन जोडण्याआधी मल्टिमीटरने केबलच्या तिन्ही पिना तपासा : १ ला १, २ ला २, ३ ला ३, आणि आपसात कुठेही जोड नाही.

सतत ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगचा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तारच नसते, असंही आढळतं. इलेक्ट्रिशियनकडून ती ओढून घ्या आणि स्टुडिओची सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणा. प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

पावसाळा आणि धूप

जून ते सप्टेंबरात कंडेन्सर अचानक तडतडू लागला तर तो लगेच मेला असं समजू नका. ओल कॅप्सूलवर बसली की तिच्यावरचा विद्युतभार गळतो, त्याचा तो आवाज. माईक बंद करून २४ तास हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ५ लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम पुरतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवून ४० ते ५० टक्के राखा. केशरी दाणे हिरवे झाले की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. हेअर ड्रायर माईकवर कधीच नको. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती आणि धूप लावण्याआधी माईक डब्यात गेलेला असावा. भारित डायफ्रॅम धुराचे कण ओढून घेतो आणि ते घरी पुसता येत नाहीत.

जुना माईक घेताना

एसएम ५८ च्या नकला भरपूर आहेत. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम, काटा सोबत न्या. वजन जुळलं म्हणजे अस्सलच असं नाही, पण बरंच हलकं भरलं तर तिथेच परत द्या. पैसे देण्याआधी आपल्या इंटरफेसवर पाच मिनिटं सलग चालवा, केबलचं टोक हलवून बघा, हेडफोन लावून शांतता ऐका.

माईक घरी आला की पहिल्याच दिवशी ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर आणि गेनवर तीच दोन मराठी वाक्यं रेकॉर्ड करून जपून ठेवा. सोबत सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो. दर सहा महिन्यांनी तसंच पुन्हा रेकॉर्ड करून जुन्याशी ताडून पाहा. फरक जाणवला तर आधी फक्त केबल बदला, मग इंटरफेसचा दुसरा इनपुट वापरा, आणि तरीही फरक राहिला तरच माईक दुरुस्तीला पाठवा.