लायसन्स आलं, आता रिव्हॉल्वर ठेवायचं कुठे?

पुण्यात लायसन्स हातात पडलं की माणूस आधी दुकान गाठतो, पण माझं ऐका, आधी तिजोरी घ्या, भिंतीत बोल्टने आवळता येईल अशी, कारण कपाटाचा लॉकर कुणीही उचकटतो आणि किल्ली देवघराच्या खिळ्याला लटकतेय हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं. 9 एमएमचा हट्ट नको, तो प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीचं ते माप साध्या लायसन्सवर चालत नाही, बहुतेक जण पॉइंट 32 मापाचंच घेतात. दुकानात सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चाक, उघडून एकेक घर बोटाने चाचपून रिकामं आहे का बघा, दुकानदार हसला तर हसू दे. फ्रेमवरचा नंबर बिलाशी आणि लायसन्सवरच्या नोंदीशी जुळवा, एक आकडा चुकला तरी नंतर हेलपाटे तुमचेच. घरी गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून तसंच ठेवू नका हो, पावसाळ्यात चामडं ओल धरतं, माझ्या बॅरलवर तांबूस ठिपके आले तेव्हा अक्कल आली. आता तेलाचा हलका हात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा पुसणं. निवडणुकीत पोलिसांनी जमा करायला सांगितलं तर पावती घ्या आणि लायसन्सच्याच फाइलीत लावा.