परदेश प्रवासाच्या सामानाबाबत या चुका टाळा

सामानाच्या नियमांबाबत बहुतेकांची फसगत होते ती नियम ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर कोणता नियम कोणाचा आहे हे न पाहिल्यामुळे. वजन आणि बॅगांची संख्या विमान कंपनी ठरवते, हातातल्या पिशवीत काय न्यायचे हे विमानतळाची सुरक्षा यंत्रणा पाहते आणि देशात काय आणता येईल हे तिथले सीमाशुल्क खाते सांगते. त्यामुळे ‘कंपनीच्या माणसाने चालेल म्हटले होते’ हा युक्तिवाद तपासणीच्या पट्ट्यापाशी कामी येत नाही.

वजनातली नेहमीची चूक म्हणजे एकूण मर्यादेवर विसंबून राहणे. तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा असे लिहिलेले असेल, तर २८ आणि १८ किलोच्या दोन बॅगा बेरजेने बसत असल्या तरी पहिलीवर जादा आकार लागू शकतो. ३२ किलोंपेक्षा जड बॅग तर बहुतेक ठिकाणी पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती उचलणारी माणसेच असतात. आकारही मोजला जातो. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज अनेक कंपन्यांकडे १५८ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि त्यात चाके व मूठही धरतात. प्रवासाचे दोन टप्पे दोन वेगळ्या तिकिटांवर असतील, तर दुसऱ्या कंपनीची मर्यादा स्वतंत्रपणे तपासावी, कारण पहिलीने दिलेली सवलत ती मानेलच असे नाही.

हातातल्या पिशवीतल्या द्रवपदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आलेल्या द्रव स्फोटकांच्या कटानंतर आला. त्यात मोजतात ती बाटलीची क्षमता, आतला ऐवज नव्हे. दीडशे मिलिलिटरची टूथपेस्टची नळी तळापासून गुंडाळत आणलेली असो, आत चार दिवसांपुरतीच पेस्ट उरलेली असो, नळीवर १५० छापलेले आहे म्हणून ती कचऱ्याच्या टोपलीत जाते. आपली वस्तू डोळ्यांदेखत तिथे पडताना पाहणे फारसे सुखाचे नसते. १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात आणि क्रीम, जेल, जॅम यांनाही द्रवच समजावे. काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रे आल्यामुळे ही मर्यादा शिथिल झाली आहे, परंतु वाटेतल्या विमानतळावर ती कायम असू शकते. ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली बाटलीदेखील त्यांनी सीलबंद करून दिलेल्या पिशवीतून, पावती आत दिसत असताना, शेवटच्या मुक्कामापर्यंत बाहेर काढू नये.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकणे ही मात्र निव्वळ गैरसोयीची चूक नाही. लिथियम बॅटरीने पेट घेतला, तर केबिनमध्ये कर्मचारी ती आग आटोक्यात आणू शकतात. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात तिथवर कोणाचा हात पोहोचत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) असते, मात्र पॉवर बँकेवर बहुधा मिलिअँपिअर-अवर ठळक छापलेले असतात. तो आकडा ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागावा: २०,००० चे ७४ वॉट-अवर होतात, ३०,००० चे १११. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवासी विमानात नेताच येत नाही. छपाई पुसलेली असेल तर तपासनीस ती अडवू शकतो, म्हणून अशी जुनी पॉवर बँक घरीच ठेवावी.

पुढच्या विमानात सामान आपोआप जाईल, हे गृहीत धरू नये. बॅगेच्या टॅगवर कोणत्या विमानतळाचा कोड आहे, हे काउंटर सोडण्यापूर्वीच वाचावे. अमेरिकेत उतरून पुढे जाताना तर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन, सीमाशुल्क तपासणीतून नेऊन पुन्हा सोपवावी लागते, मग टॅगवर अंतिम ठिकाण असले तरीही.

बॅग आलीच नाही किंवा फुटून आली, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून संदर्भ क्रमांक घ्यावा. माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या भरपाईबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, तर उशिराची २१ दिवसांत करावी लागते. दोन्हींसाठी काउंटरवर मिळालेला टॅगचा चिकट तुकडा लागतो, जो पुष्कळजण बोर्डिंग पाससोबत विमानातल्या आसनाच्या खिशात विसरून येतात.