पार्किंगमधला ऑइलचा डाग शेवटी निघाला (बऱ्यापैकी)

कोथरूडला आमच्या सोसायटीत गाडी लावायला साधा कोबा आहे, आणि माझ्या जुन्या स्कूटरने गपचूप महिनाभर ऑइल गाळून ताटाएवढा काळा डाग पाडून ठेवला. सेक्रेटरी काकांनी दोनदा ऐकवलं, "अहो, फिनाइल तरी मारा!"

फिनाइलने काय होणार, नुसता वास. मग कोणीतरी ॲसिड सांगितलं, ते मात्र अजिबात करू नका, ॲसिड ऑइल सोडून सिमेंटच खातं. रॉकेलनेही पातळ होऊन ऑइल अजून आत मुरतं.

वरचं ओलं ऑइल मी टिंबर मार्केटमधून आणलेल्या लाकडाच्या भुशाने टिपलं, घासलं नाही, घासलं की पसरतं. मग धुण्याचा सोडा टाकून वर कडकडीत पाणी, १५-२० मिनिटं तसंच, आणि प्लॅस्टिकच्या कडक ब्रशने घासलं (तारेचा नको, तुटलेल्या तारा अडकून गंजतात). फेस अक्षरशः चहासारखा झाला. हातमोजे घाला, सोड्याने हात सोलवटतात, माझे सोलवटले.

तरी मधला काळा भाग होताच, कारण कोब्याच्या बारीक छिद्रांत ऑइल मुरलेलं असतं. त्यावर मुलतानी माती आणि भांड्यांचं लिक्विड घट्ट कालवून बोटभर जाड थर दिला, वर प्लॅस्टिक, रात्रभर. सकाळी प्लॅस्टिक काढून वाळू दिलं आणि उलथन्याने खरवडलं तर मातीच काळपट झालेली! असं ३ वेळा केलं. आता फिकट सावली उरलीये, काकांना दिसते, बाकी कोणाला नाही. स्कूटरखाली सध्या पुठ्ठा.