लोकसेवकाच्या नावाने बाग: ठरावापासून कोनशिलेपर्यंत

वस्तीतल्या बागेला एखाद्या पोलिसाचे, परिचारिकेचे, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनचे किंवा सफाई कामगाराचे नाव द्यायचे ठरले, तर पाटी रंगवायला टाकण्याआधी सिटी सर्व्हे कार्यालयातून जागेचे मिळकतपत्र (प्रॉपर्टी कार्ड) काढा. गावात असाल तर सातबारा. धारक म्हणून पालिकेचे नाव नसेल तर पुढे जाऊ नका. पुष्कळ ‘बागा’ म्हणजे लेआउटमधली सोसायटीची मोकळी जागा असते, पालिकेने फक्त बाके आणि खेळणी बसवलेली असतात. तिथे आधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. उद्यान विभागात आणखी एक गोष्ट विचारा: बागेला आधीच नाव दिलेले आहे का? जुना ठराव फायलीत असतो आणि पाटी कधी लागलेलीच नसते. तो उशिरा सापडला की नामकरणाचे नामांतर होते आणि दोन कुटुंबांत विनाकारण कटुता येते.

अर्ज मुख्याधिकारी किंवा आयुक्तांच्या नावे करा आणि एक प्रत प्रभागातल्या नगरसेवकाला द्या. सोबत मिळकतपत्र, जागेचा नकाशा, रहिवाशांच्या पत्त्यासह सह्या, सेवेचे दाखले आणि वारसांचे लेखी संमतिपत्र जोडा. संमतिपत्रात नाव नेमके कसे लिहायचे तेही त्यांच्याच हाताने लिहून घ्या, कारण घरचे लेखन आणि कार्यालयीन लेखन बऱ्याचदा वेगळे असते. हयात व्यक्तीचे नाव सुचवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विषय पालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे येतो. प्रशासक असतील तर त्यांचा ठराव होतो, आणि गावात ग्रामसभेत मांडावा लागतो. ‘मंजूर झालं’ या तोंडी निरोपावर काम सुरू करू नका. ठराव क्रमांक आणि दिनांक असलेली सही-शिक्क्याची प्रत हातात घ्या. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेआधी ठराव आणि अनावरण दोन्ही उरकतील का ते पाहा, नाहीतर तयार पाटी महिनोन्‌महिने कापडाखाली राहते.

पुतळ्याचा आग्रह शक्यतो सोडा. त्याची परवानगी वेगळी असते, मातीचे मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावे लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश दिला आहे.

खरी मेहनत कोनशिलेवरच्या मजकुरावर घ्या. ‘थोर समाजसेवक’, ‘आदरणीय’ या शब्दांनी माणूस कळत नाही, त्याने केलेले काम लिहिले की कळतो. नमुना म्हणून हे पाहा: ‘तुकाराम ओंबळे, सहायक पोलीस उपनिरीक्षक, मुंबई पोलीस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ, हातात फक्त लाठी असताना, त्यांनी अजमल कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या झेलल्या. त्यामुळे तो जिवंत पकडला गेला. अशोकचक्र, २००९ (मरणोत्तर).’ सातवीतल्या मुलाने उभ्या उभ्या वाचावे आणि त्याला समजावे, एवढेच हवे. उद्घाटकांची नावे वेगळ्या, लहान पाटीवर घ्या. एकाच दगडावर घेतली की ज्याचा सन्मान करायचा त्याचेच नाव त्या गर्दीत हरवते.

दगड १८ मिलिमीटर जाडीचा काळा ग्रॅनाइट, साधारण २ बाय ३ फूट. प्रवेशद्वारावरची पाटी ३० फुटांवरून वाचायची असेल तर अक्षर निदान ३ इंच उंच हवे, आणि ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजायची. वरच्या मात्रा-वेलांट्यांना वेगळी जागा सोडा, नाहीतर दोन ओळी एकमेकींत घुसतात. सर्वांत जास्त घोळ कोरणाऱ्याच्या संगणकावर होतो. तिथे जुने फॉन्ट असतात, त्यामुळे युनिकोडमधला मजकूर उघडताच जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. म्हणून अक्षरे आकृतीत बदललेली (आउटलाइन केलेली) पीडीएफ द्या आणि कोरण्याआधी पूर्ण आकाराची कागदी प्रत मागा. ती वारसांपैकी एकाने आणि व्याकरण जाणणाऱ्या एकाने वाचून सही करावी. दगडावरचा ऱ्हस्व-दीर्घ मागाहून सुधारता येत नाही.

नुसत्या सिमेंटवर दगड चिकटवला तर भिंतीत ओल मुरते आणि तो सुटतो. चार कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घाला. झाडाला पाटी ठोकायची नाहीच, खिळ्याच्या जखमेतून बुरशी शिरते.

झाडांसाठी मे महिन्यात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन तापू द्या आणि पहिला दमदार पाऊस झाला की तामण, बकुळ, बहावा लावा. रोपे पाच-सहा फुटांची, भिंतीपासून तीन मीटर दूर. आधाराच्या काठीला सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, खोडाला काचता कामा नये. अनावरणाच्या दिवशी हार घालून लावलेले रोप बहुतेक वेळा उन्हाळ्यात मरते, कारण पाणी कोण घालणार हे ठरलेलेच नसते. तेव्हा ठरावातच देखभालीची जबाबदारी आणि खर्चाचे लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरातून पैसे येणार ते, लिहून घ्या.

नाव तोंडी रुळावे म्हणून बसथांब्याची पाटी आणि गुगल मॅप्सवरची नोंदही बदलून घ्या. कोरलेल्या अक्षरांतला सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडतो. दर दुसऱ्या वर्षी, मेच्या अखेरीस, दगड साध्या पाण्याने धुऊन, कोरडा करून रंग पुन्हा भरावा. आम्ल अजिबात वापरू नका, त्याने दगडाची झिलई कायमची जाते.